निळं पीठ आणि लाल दोरा

माझ्या मामीला गप्प बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती दात घासताना बोलते, झोपेत बोलते आणि इंजेक्शन घेताना नर्सला सुई कशी धरायची ते सांगते. एकदा तिचा घसा बसला. डॉक्टरांनी चार दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणून बजावलं, तर तिने पाटी आणि खडूचा डबा मागवला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खडू संपले म्हणून मला पुन्हा दुकानात पिटाळलं. मामा तिच्या बरोब्बर उलटा. वाक्य अर्ध्यात समजेल असं वाटलं, की उरलेलं अर्धं तो खर्चच करत नाही. या दोघांचा संसार पस्तीस वर्षं सुखाचा चालला आहे, त्याचं श्रेय मी मामाच्या कानांना देते.

मामाची लाँड्री आहे. रस्त्याकडे दुकान, मधे इस्त्रीची लांबलचक टेबलं, त्यामागे बॉयलर आणि कपडे वाळवायची गरम खोली, आणि सगळ्यात मागे मामीचं स्वयंपाकघर. वरच्या मजल्यावर एका खोलीत मी राहते. नोकरी लागली तेव्हा ‘जागा मिळेपर्यंत आठ दिवस’ म्हणून आले होते, त्याला आता अकरा वर्षं झाली. मी नकाशांच्या कचेरीत काम करते, दिवसभर सरळ रेघा मारते, आणि मला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही. तरी ही हकिगत मीच सांगणार. मामीने सांगितली तर ती संपणार नाही आणि मामाने सांगितली तर ती सुरूच होणार नाही.

लाँड्रीत एकच कायदा आहे. कुठलाही कपडा पाण्यात जाण्याआधी त्याचे खिसे तपासायचे, मग तो गिऱ्हाइकाचा असो की घरच्या माणसाचा. हे काम मामीचं. सापडेल ते बिस्किटांच्या डब्यात ठेवायचं आणि मालकाला परत द्यायचं. त्या डब्यात किल्ल्या असतात, तिकिटं असतात, पेटीत टाकायची राहून गेलेली पत्रं असतात. एकदा एका कोटात कवळी सापडली, तेव्हा मामी दिवसभर दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला विनोद सांगत होती. कोण तोंड मिटून हसतंय ते बघायला. संध्याकाळपर्यंत मालक सापडला.

आणि या घरात एक रिवाजही आहे, तो बटाट्याच्या पाण्याचा. मामी बटाट्याचे पाव करते. बटाटे सोलून, तुकडे करून उकडायचे, आणि ते पाणी टाकायचं नाही. निम्मं पाणी मामीचं, पावाच्या पिठासाठी. निम्मं मामाचं, कपड्यांना घालायच्या खळीसाठी. बटाट्याच्या पाण्याने मामीचा पाव मऊ होतो आणि त्याच पाण्याने मामाची कॉलर कडक होते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. लग्नात आलेल्या दोन पांढऱ्या इनॅमलच्या किटल्या आहेत, झाकणाच्या, लांब चोचीच्या, जुळ्या. एक तिची, एक त्याची. मामा आपल्या किटलीत वरून नीळ घालतो, म्हणजे पांढरे कपडे पांढरेशुभ्र दिसतात. घोटाळा नको म्हणून मामीच्या किटलीच्या दांडीला लांबलचक लाल दोरा गुंडाळून बांधलेला असतो.

हे पाव तुम्ही खाल्ले नसतील तर तुमचं नुकसान आहे, यापेक्षा सौम्य शब्दांत मला सांगता येणार नाही. गरम असतानाच बटाटा चाळणीतून दाबून काढायचा, त्यात दूध, लोणी, अंडं, मैदा, फुगवलेलं यीस्ट आणि ते पाणी. पीठ हाताला चिकटतं. आपल्यासारखा माणूस लगेच मैद्याच्या डब्याकडे धावतो, आणि मामी हातावर फटका मारते. ‘चिकटतंय ते चिकटू दे. घाबरून मैदा ओतला की पावाचा दगड झालाच म्हणून समज!’ मग एकेक गोळा काट्यावर तोलायचा, पंचेचाळीस ग्रॅम, ना एक कमी ना एक जास्त, आणि ट्रेमध्ये खेटून खेटून बसवायचा. ते फुगतात आणि एकमेकांना टेकून उभे राहतात. भाजून झाल्यावर वरून लोणी फिरवायचं. एक पाव दुसऱ्यापासून सोडवताना जी कड निघते, ती खाण्यासाठी मी आणि मामा रविवारी सकाळी उगाचच स्वयंपाकघरात काहीतरी शोधत असतो.

पण मामीच्या हातचा पहिला पाव असा नव्हता. लग्नानंतरचे तिचे पहिले पाव मामाने महिनाभर मुकाट्याने खाल्ले. त्यातला एक वाऱ्याने दार आपटू नये म्हणून त्याने दाराखाली लावला होता, आणि दार आपटलं नाही. मामी रडली नाही, पुन्हा केले. पुन्हा, आणि पुन्हा. ही जिद्द कुठून आली ते मला फार उशिरा कळलं.

मामी सोळा वर्षांची असताना शिकायला वसतिगृहात होती. तिथल्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा म्हणजे तराजूकाकू. खरं नाव विचारायची कुणाची छाती झाली नाही. साहित्य तोलायचं काम काकूंचं. मैदा, साखर, मीठ, यीस्ट, सगळं त्या तोलून वाट्यांमधून ओळीने मांडायच्या, आणि पाळीच्या मुलींनी त्या वाट्या क्रमाने रिकाम्या करायच्या आणि मळायचं. पाव भट्टीतून आले की काकू एक उचलायच्या, बोटाने दाबून बघायच्या, मोडायच्या, अर्धा स्वतः खायच्या आणि उरलेला अर्धा करणाऱ्या मुलीच्या हातावर ठेवायच्या. ‘अर्धा तुझा. काय केलंस ते खाऊन बघ.’ त्यांनी अख्खा पाव खाल्लेला आजवर कुणी पाहिला नव्हता. मामीला बोलण्यावरून शिक्षा म्हणून इतक्या वेळा स्वयंपाकघरात धाडलं जायचं, की काकूंनी तिचं नाव ‘रेडिओ’ ठेवलं. तिला ती शिक्षा आवडायची. ते पीठ, ती भट्टी, सगळंच आवडायचं.

मग एके दिवशी पाहुणे जेवायला होते, आणि दोनशे पाव अळणी निघाले. काकूंनी भरल्या जेवणघरात मामीला उभं केलं. ‘रेडिओ, तू बडबडत बसलीस आणि मीठ विसरलीस. यापुढे पिठाला हात लावायचा नाही. तुझ्या हाताला पाव यायचा नाही.’

‘आणि मी बोलत होते हे तर खरंच ना,’ मामी मला सांगताना म्हणाली. ‘काय तोंडाने नाही म्हणणार? त्या दिवशी मी झोपेपर्यंत बोलले नाही.’ मामी दिवसभर बोलली नाही, हे ऐकलं तेव्हा ते प्रकरण किती खोल गेलं होतं ते मला कळलं.

तर, यंदा त्याच वसतिगृहातून फोन आला. नवी भट्टी बांधायला जुनी पाडलीय, म्हणून पाव बाहेरून आणायचे आहेत. रविवारी दुपारी जुन्या विद्यार्थिनींचं जेवण आहे, तुझ्या पावांबद्दल फार ऐकलंय, एकशेवीस देशील का? मामी हो म्हणाली. मग पलीकडच्या बाईंनी सांगितलं, की तराजूकाकूही येणार आहेत, चौऱ्याऐंशीच्या आहेत पण ठणठणीत आहेत. मामीने फोन ठेवला आणि पाचावर धारण बसल्यासारखी खुर्चीत बसली.

‘नाही म्हणून कळव,’ मी म्हटलं.

‘अगं, नाही कशी म्हणू? पस्तीस वर्षं मी त्यांच्या नाकावर टिच्चून पाव करतेय आणि त्यांना पत्ताच नाही! त्यांनी तो खावा आणि म्हणावं, की लाव बाई पिठाला हात. एवढं एकदा म्हणाल्या की मी सुटले.’ तिचे डोळे भरले होते. ‘आणि नाहीच म्हणाल्या, तर मग मी काय करते गं रोज?’

मामा दारातून म्हणाला, ‘करशील.’ एवढंच म्हणाला आणि गेला.

शनिवारी संध्याकाळी बटाटे उकडले, पाणी दोन किटल्यांमध्ये भरलं. मामाचीही त्या रविवारी घाई होती. बागेत दहा वाजता बँड वाजणार होता आणि बावीस वादकांचे पांढरे शर्ट खळ घालून द्यायचे होते. त्याने आपल्या किटलीत निळीचा हात जरा सढळच सोडला.

रविवारी पहाटे पाचला मामीने पहिल्या साठ पावांचं पीठ भिजवलं. मी ट्रेंना लोणी लावत होते. स्वयंपाकघरातला दिवा जुना आणि पिवळा आहे.

‘पीठ जरा मळकट दिसत नाही?’ मी विचारलं.

‘दिवाच मळकट आहे. तू ट्रेकडे बघ.’

मळून झालेलं पीठ तिने मोठ्या घमेल्यात ठेवलं, वर फडकं घातलं, ते कडेने बांधलं, आणि घमेलं बॉयलरजवळच्या ऊबदार कट्ट्यावर ठेवून दिलं. सगळा वेळ ती काकूंशी मनातल्या मनात भांडत होती. मनातल्या मनात म्हणजे आमच्या घरात मोठ्याने.

पावणेसातला तिने घमेलं मागच्या दारात उजेडात आणलं आणि फडकं ओढून काढलं. पीठ छान दुप्पट झालं होतं. आणि निळं होतं. फिकट नाही, उगाच शंका यावी असं नाही. स्वच्छ, ठसठशीत, शाळेच्या गणवेशाचं असतं तसलं निळं.

मामीची किंकाळी ऐकून मामा आतून धावत आला. त्याच्या मागून शर्ट न्यायला आलेले बँडमास्तर आले आणि त्यांच्यामागून आपला कोट न्यायला आलेले दातांचे डॉक्टर. डॉक्टरांना वाटलं कुणीतरी पडलं असेल.

‘माझ्या किटलीचा दोरा काढलात तुम्ही!’ मामी मामावर कडाडली. ‘किटल्या बदलल्या! तुमची नीळ माझ्या पिठात गेली! आजच्या दिवशी? बेचाळीस वर्षांनी आज? वर्षानुवर्षं तो दोरा तिथे आहे, तुम्हाला आजच काय धाड भरली होती?’ आणि पुढे बरंच काही. मी घड्याळ पाहिलं होतं, आठ मिनिटं. बँडमास्तर छताकडे बघत होते आणि डॉक्टर आपल्या बुटांकडे.

मामाने घमेल्याकडे पाहिलं. खाली पडलेलं फडकं वाकून उचललं, झटकलं, कसलीशी खटपट करून हात शर्टाच्या खिशात घातला आणि म्हणाला, ‘असेल.’

मीही त्याच्याकडे रागाने पाहिलं, हे इथे कबूल करून टाकते. त्यावेळी माझ्याही मनात शंका नव्हती.

‘असेल काय, आहेच!’ मामी म्हणाली आणि मटकन खाली बसली. ‘संपलं. त्या म्हणाल्या होत्या तेच खरं. माझ्या हाताला पाव नाहीच.’

मामा दुकानात गेला आणि दुसरी किटली घेऊन आला. झाकण काढून तिच्यासमोर धरली. आत स्वच्छ बटाट्याचं पाणी होतं, भरपूर. नशिबाने त्याने अजून कॉलरी बुडवल्या नव्हत्या.

‘आणि तुमची खळ?’ मामीने विचारलं.

‘तुझ्या पिठात.’

‘अहो, पण माझे शर्ट!’ बँडमास्तर म्हणाले.

‘आज मऊ,’ मामा म्हणाला.

ज्या माणसाच्या कॉलरी उभ्या ठेवल्या तर भिंतीसारख्या उभ्या राहतात, ज्याने पावसाळ्यातसुद्धा कधी ढिला शर्ट दुकानाबाहेर जाऊ दिला नाही, त्या माणसाने हे सांगितलं.

मग जी धावपळ झाली ती काय वर्णू! दुसऱ्या साठांचा बटाटा तयार होता, पण वाया गेलेल्या साठांचा हवा होता. दुकानं उघडायला वेळ होता. मी वर पळाले. माझ्याकडे सहा बटाटे निघाले, त्यातल्या तीन बटाट्यांना मोड आले होते. ‘अकरा वर्षांत तुझा काहीतरी उपयोग झाला,’ मामी म्हणाली, आणि ती बोलायला लागली म्हणून मला हायसं वाटलं. डॉक्टरांनी कोट खुंटीला टांगला आणि मोडाचे बटाटे असे कोरून सोलून दिले, की मामी म्हणाली, ‘तुम्ही दात सोडा आणि इथे या.’ एकशेवीस पावांचं पीठ एकदम मळायचं म्हणजे बाईमाणसाचे खांदे जातात. मामाने बाह्या सरसावल्या. पस्तीस वर्षं वजनदार इस्त्री फिरवलेले ते हात. मामी शेजारून सांगत होती, ‘ताणा, दुमडा, अहो, मैदा नका घेऊ, चिकटू द्या,’ आणि तो मळत होता. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मामीचा राग अजून गेलेला नव्हता.

वेळ वाचवायला पीठ कपडे वाळवायच्या गरम खोलीत ठेवलं. वर बावीस शर्ट टांगलेले, खाली दोन घमेली. गोळे तोलले, ट्रेमध्ये खेटून बसवले, तेही तिथेच फुगले. साडेनऊला बँडमास्तर मऊ शर्ट घेऊन गेले. तोवर त्या शर्टांना ताज्या पावाचा असा काही वास लागला होता, की मलाच ते चावून बघावेसे वाटले.

साडेअकराला शेवटचा ट्रे निघाला. एकशेवीस पाव, वरून सोनेरी, लोण्याने चकचकीत. मामाने लाँड्रीच्या तीनचाकीत कडक इस्त्रीची चादर अंथरली, ट्रे मांडले, वरून दुसरी चादर घातली, आणि आम्हाला वसतिगृहाच्या दाराशी सोडलं.

‘चला ना आत,’ मी म्हटलं.

‘गर्दी,’ तो म्हणाला आणि परत गेला. मामीने त्याला थांबा म्हटलं नाही.

जेवणघरात शंभरएक बायका होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. मामी तिथे अगदी घरच्यासारखी शोभली असती, पण ती माझा दंड धरून उभी होती. मधल्या टेबलाशी तराजूकाकू बसल्या होत्या. लहानखुऱ्या, काठी मांडीवर आडवी, कानात यंत्र. ते यंत्र बंद होतं, हे नंतर कळलं.

ट्रे समोर आला. काकूंनी एक पाव सोडवला. बोटाने दाबला. तो हळूच वर आला. त्यांनी तो मोडला, नाकाशी नेला, अर्धा तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिल्या. मामीने माझा दंड इतका घट्ट धरला होता, की चार दिवस तिथे वळ होता.

‘कुणी केले?’

‘मी, काकू.’

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग उरलेला अर्धा पाव पुढे केला. ‘अर्धा तुझा. खाऊन बघ.’

मामीचा चेहरा पडला. तिला अख्ख्या पावाची आशा होती, हे मला तिच्याकडे पाहूनच कळलं. तिने अर्धा पाव घेतला आणि खाल्ला.

‘मीठ?’ काकूंनी विचारलं.

‘आहे, काकू.’

‘हं. रेडिओच ना तू? इकडे ये, कानात सांगते. कुणाला सांगू नकोस.’

मामी वाकली. काकूंनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यांच्या मते कुजबुजल्या. ती कुजबुज शेवटच्या टेबलापर्यंत खणखणीत पोचली.

‘त्या दिवशी मिठाची वाटी मी ओळीत ठेवलीच नव्हती! संध्याकाळी मला फळीवर सापडली, तोललेली, तशीच भरलेली. तोवर तुला चारचौघांत बोलून बसले होते. दुसऱ्या दिवशी सांगीन म्हटलं. मग परवा सांगीन म्हटलं. मग तू शिकून निघून गेलीस. पोरी, तुझ्या हाताला काही झालं नव्हतं. माझ्याच हाताने मीठ विसरलं!’

जेवणघर चिडीचूप झालं. काकू आजूबाजूला बघायला लागल्या, की हे काय झालं सगळ्यांना.

मामी उभी होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तोंडातून शब्द नाही. मी तिला अकरा वर्षांत अशी पाहिली नव्हती.

‘काय गं रेडिओ,’ काकू म्हणाल्या, ‘सेल संपले?’

मग जो हशा उठला! मामी रडता रडता हसायला लागली, काकूंच्या गळ्यात पडली, आणि काकू म्हणाल्या, ‘पुरे, पुरे, पाव गार होतायत.’ असं म्हणून त्यांनी ट्रेमधून दुसरा पाव उचलला आणि न मोडता, कुणाला अर्धा न देता, अख्खा खाल्ला. नंतर तिसराही घेतला.

परतीच्या वाटेवर मामी इतकं बोलली, की मला नुसतं हं हं करूनही दम लागला. काकू असं म्हणाल्या, मग मी अशी वाकले, तू ऐकलंस ना, सगळ्यांनी ऐकलं ना? मी हो म्हणत होते आणि मलाही फार आनंद झाला होता. घरी आलो तेव्हा मामा वर आडवा झाला होता. त्याचा पिठाने माखलेला शर्ट खाली टोपलीत पडलेला. मामी गाणं गुणगुणत धुण्याला लागली, मी माझ्या खोलीत गेले.

पाचच मिनिटं झाली असतील, खाली एकदम शांतता पसरली. या घरात खालून आवाज आला तर कुणी हलत नाही, पण शांतता आली तर धावावं लागतं. मी जिना उतरून पळत खाली गेले.

मामी टोपलीशेजारी उभी होती. एका हातात मामाचा शर्ट, खिसा उलटा केलेला. दुसऱ्या हातात लाल दोरा. दोऱ्याला निळं पीठ वाळून चिकटलेलं.

‘पहाटे फडकं बांधायला मला सुतळी सापडेना,’ ती अगदी हळू म्हणाली. ‘म्हणून समोरच्या किटलीचा दोरा मीच सोडला. मीच सोडला गं, आणि घमेल्याला बांधला. दोन्ही किटल्या तिथेच शेजारी होत्या. मग पाणी ओतायला हात गेला तो भलतीकडेच.’

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती आम्ही दोघींनी मिळून सकाळी सातलाच देऊन टाकली होती. आणि संन्यासी फाशीचा दोर खिशात घालून एकशेवीस पावांचं पीठ मळत होता.

जिन्यावर पावलं वाजली. मामा खाली आला, मामीच्या हातातला दोरा पाहिला आणि मागे वळायला लागला.

‘थांबा. तुम्हाला सकाळीच माहीत होतं?’

‘हं.’

‘मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?’

मामाने कान खाजवला. मग तो बोलला, आणि मी त्याच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात लांब बोलणं आहे. ‘तुला काकूंकडे जायचं होतं. स्वतःवर चिडली असतीस तर हात चालला नसता, पाव झाले नसते. माझ्यावर चिडलीस तर काय, मला सवय आहे.’

मामी काही बोलली नाही. एका दिवसात दुसऱ्यांदा.

सोमवारी सकाळी बँडमास्तर तक्रार घेऊन हजर झाले. कॉलरी लोळत होत्या, आणि सगळ्यांच्या शर्टांना पावाचा वास येत होता म्हणून निम्मे वादक मध्यंतरात खायला पळाले ते परत आलेच नाहीत. मामीने त्यांना बसवलं. मग रस्ता ओलांडून गेली आणि दातांच्या डॉक्टरांना खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसलेला असताना घेऊन आली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनाही तिने थांबवलं.

‘काल यांच्यादेखत मी ह्यांना आठ मिनिटं बोलले,’ ती म्हणाली, काकूंसारख्याच आवाजात, तिचे कान चांगले असूनही. ‘दोरा मी काढला होता. किटल्यांची गडबड मी केली. ह्यांनी काहीही केलेलं नाही. त्या म्हातारीने हे ओझं बेचाळीस वर्षं कसं वागवलं कुणास ठाऊक, मला एक रात्र निघाली नाही!’

मामा इस्त्री करत होता. त्याने मान वर केली नाही, पण कान लालभडक झाले होते.

‘मालक, ऐकताय ना?’ बँडमास्तरांनी विचारलं.

‘ऐकतोय,’ मामा म्हणाला.

मामीने कालच्या उरलेल्या पावांमधला एक पाव आणला होता. तिने तो मोडला, अर्धा स्वतः खाल्ला, आणि उरलेला अर्धा इस्त्रीच्या टेबलावर मामाच्या हाताशी ठेवला. त्याने इस्त्री बाजूला उभी केली, तो खाल्ला, बोटं चाटली.

‘अख्खा दे की,’ तो म्हणाला.